कॅप्टनचे केस

सिनेमा सुरू झाला, कॅप्टन पडद्यावर आला आणि सलूनवाले काका खुर्चीतून अर्धे उठले.

"हा कोण?" त्यांनी शेजारी बसलेल्या काकूंना विचारलं.

"कॅप्टन असेल," काकू म्हणाल्या. "टोपी आहे ना त्याला."

"टोपीचं सोड. टोपीखाली काय आहे ते बघ!"

टोपीखाली केस होते. दाट, कुरळे, खांद्यापर्यंत आलेले आणि बंद खोलीतसुद्धा वाऱ्यावर उडणारे. काकांच्या लाडक्या कादंबरीतला कॅप्टन मात्र पन्नाशी उलटलेला, अबोल आणि टकला होता. बेटाबेटांवर टपाल पोचवणारी त्याची जुनी बोट, सोबतीला एक म्हातारी बकरी, आणि शेवटी ओसाड पडलेल्या बेटावर टपालाची थैली घेऊन एकटाच उतरणारा तो. त्या शेवटच्या पानावर काका दर वेळी रडत. काकू त्या पुस्तकाला 'माझी सवत' म्हणत. त्यावर कार्टून सिनेमा निघाल्याचं कळलं तेव्हा काकांनी दुकान बंद ठेवलं आणि नेहमीची सगळी गिऱ्हाइकं वऱ्हाड न्यावं तशी थिएटरात नेली.

पडद्यावर बकरी गाऊ लागली तेव्हा "खोटं! साफ खोटं!" असा काकांचा आवाज घुमला. शेवटी ओसाड बेटावर सगळे मिळून नाचायला लागले तेव्हा तर ते उभेच राहिले. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी वळून म्हणाली, "आजोबा, आवडत नाही तर डोळे मिटून घ्या ना."

खरा घाव बाहेर पडल्यावर बसला. वऱ्हाडातल्या एकूण एक माणसाला सिनेमा आवडला होता.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात एकच मागणी सुरू झाली. शाळकरी मुलं, कॉलेजातली पोरं, चाळिशीतले दोन इन्स्पेक्टर, सगळ्यांना कॅप्टनसारखे कुरळे केस हवे होते. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी दारावर पाटी लावली: 'सिनेमातला कट येथे मिळणार नाही. पुस्तक वाचून या.' पुस्तक वाचण्यापेक्षा रस्ता ओलांडणं सोपं होतं. समोरच्या सलूनमध्ये रांग लागली.

"अहो, लक्ष्मी परत पाठवताय तुम्ही," काकू म्हणाल्या.

"कॅप्टन विकून आलेली लक्ष्मी नको मला," काकांनी सांगितलं आणि रिकाम्या दुकानात वस्तऱ्याला धार लावत बसले.

शेजारच्या औषधाच्या दुकानातला तरुण हे सगळं पाहत होता. काका त्याला गोळीवाला म्हणत. गोळीवाल्याचं एका दातांच्या डॉक्टरणीशी जमत आलं होतं. तिचं अक्षर वाचता येणारा पंचक्रोशीत तो एकटाच, त्यामुळे तिची चिठ्ठी घेऊन येणारा प्रत्येक रुग्ण त्याच्याकडेच येई. हळूहळू ती स्वतः येऊ लागली. लग्नाचं त्यानं विचारून टाकलं होतं आणि त्या संध्याकाळी ती उत्तर देणार होती. सिनेमा पाहून आल्यापासून ती त्या कॅप्टनबद्दलच बोलत होती. तेव्हा जाताना कॅप्टन होऊनच जावं, असं त्यानं ठरवलं.

समोरच्या सलूनमध्ये जाणं म्हणजे काकांशी दगाफटका. सिनेमाचं नाव काढलं तर काका हाकलून देणार. गोळीवाल्यानं बराच विचार करून अक्कल लढवली.

"काका," तो खुर्चीत बसत म्हणाला, "त्या कॅप्टनसारखे करा. पुस्तकातल्या हं, सिनेमातल्या नाही."

काकांच्या हातातली कात्री खाली पडली. "पुस्तकातल्या? नक्की?"

"म्हणजे काय! पुस्तक ते पुस्तक."

"आणि चालेल तुला? आज तर तिला भेटायचंय म्हणालास."

"तिच्यासाठीच तर करतोय."

काकांना भरून आलं. एवढ्या मोठ्या गावात एक तरी खरा वाचक निघाला होता.

आता काकांच्या दुकानाची एक रीत होती. खुर्ची आरशाकडे पाठ करून ठेवलेली असे. आरशात बघणारं गिऱ्हाईक गोष्ट ऐकत नाही, असा काकांचा अनुभव होता आणि गोष्ट सांगितल्याशिवाय त्यांचा हात चालत नसे. त्या दिवशी त्यांनी कॅप्टन वादळात सापडतो ते प्रकरण घेतलं. गोळीवाला डोळे मिटून संध्याकाळी काय बोलायचं याची उजळणी करत होता. मशीन कानाशी घुरघुरत होतं. मधेच डोक्याला गार वाटलं, पण पंखा लावला असेल असं त्याला वाटलं. वादळ शमलं, फेस पुसला गेला आणि काकांनी मोठ्या अभिमानानं खुर्ची फिरवली.

गोळीवाल्यानं आरशात पाहिलं. मग मागे वळून पाहिलं, दुसरं कोणी बसलंय का म्हणून.

"काका! केस कुठायत माझे?"

"खाली," काका म्हणाले. "अगदी हुबेहूब झालाय बघ."

"अहो पण कॅप्टनला हे एवढाले केस आहेत!"

"सिनेमातल्या. तू पुस्तकातला मागितलास."

गोळीवाला दोन्ही हातांनी डोकं चाचपत ओरडू लागला. आरडाओरडा ऐकून काकू आतून धावत आल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. "अहो, पोराचं लग्न मोडाल!"

हे ऐकल्यावर मात्र काकांनी जमिनीकडे पाहिलं. खाली पडलेले केस पुन्हा चिकटवता येत नाहीत, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? त्यांनी ॲप्रन काढला, पुस्तक काखोटीला मारलं आणि म्हणाले, "चल. मी बोलतो तिच्याशी."

दवाखान्याखालच्या कॅफेत डॉक्टरीण खिडकीशी बसली होती. भर उन्हाळ्यात लोकरीची टोपी घातलेला गोळीवाला, मागे काका आणि त्यांच्यामागे काकू, अशी मिरवणूक आत शिरली.

"ताप आहे का तुला?" तिनं विचारलं.

गोळीवाल्यानं टोपी काढली. रुग्णानं कसाही जबडा उघडला तरी आपला चेहरा हलू द्यायचा नाही, ही डॉक्टरणीची सवय त्या क्षणी कामी आली.

"चूक माझी आहे," काका घाईघाईनं म्हणाले. "पण ती पुस्तकाप्रमाणे आहे. तुम्ही लोकांनी सिनेमा पाहिलात, पुस्तक वाचलंत तर कळेल..."

"मी शाळेपासून वाचतेय हे पुस्तक," डॉक्टरीण म्हणाली. "त्यात कॅप्टन टकला कुठे आहे?"

काका हसले. लहान मुलाच्या प्रश्नाला हसावं तसे. त्यांनी पुस्तक उघडलं. मग चष्मा लावला. मग पानं उलटायला लागले. कॉफी आली, निवली, तिच्यावर साय धरली, तरी काका पानं उलटतच होते.

"हे बघ!" अखेर ते ओरडले. "'कंदिलाचा उजेड त्याच्या कपाळावर चमकला.' चमकला म्हटलंय!"

"कपाळावर, काका."

"मग? कपाळ म्हणजे कुठपर्यंत? माझं तर मानेपर्यंत आहे!"

कोणी हसलं नाही. काकांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं आणि त्याच्यावर नुसता हात ठेवून बसले.

"आमच्या लग्नाच्या वर्षी यांचे केस गेले," काकू हळूच म्हणाल्या. "सलून नुकतं उघडलं होतं. टकल्या माणसाकडे केस कापायला कोण येणार, म्हणून घरात तोंड लपवून बसले. मग मीच हे पुस्तक आणून दिलं. वाचून झालं आणि उठून दुकानात गेले. म्हणाले, कॅप्टनचं काही अडलं का?"

काकांना एवढं वाईट कधीच वाटलं नव्हतं. सिनेमावाल्यांनी कॅप्टन पळवला तेव्हा निदान राग तरी आला होता. आता रागवायचं कोणावर?

"माझ्या कॅप्टनला मिशा आहेत," डॉक्टरीण म्हणाली. "माझ्या मामासारख्या. तुम्ही शोधत होतात तेव्हा मीही डोकावून बघत होते. मिशांचंही कुठे काही नाही." ती गोळीवाल्याकडे वळली. "तुझा कसा आहे?"

"माझा... म्हणजे..." गोळीवाला टोपी पिळू लागला. "मी पुस्तक वाचलेलं नाही."

"वाचलेलं नाही?" काका ताडकन उठले. "आणि माझ्या खुर्चीत बसून 'पुस्तक ते पुस्तक' म्हणालास? मी तुझी माफी मागायला आलोय इथे!"

"माझं अक्षर वाचतोस," डॉक्टरीण म्हणाली, "आणि हे छापलेलं वाचवलं नाही तुला?"

टकलाबद्दल तिनं त्याला केव्हाच माफ केलं होतं. पण या गुन्ह्याला माफी नव्हती. आज उत्तर मिळणार नाही, आधी वाचून काढ, असं सांगून ती रुग्ण तपासायला निघून गेली.

गोळीवाला रोज दुपारी काकांच्या दुकानात बसून वाचू लागला. काकांनी पाटी उतरवली, खुर्ची आरशाकडे वळवली आणि मागेल त्याला कुरळे केस करून देऊ लागले. गोष्ट मात्र सांगेनात. कोणी विचारलंच तर म्हणत, "पुस्तकात बघा. मला नीट आठवत नाही."

मग एके दिवशी डॉक्टरीण दुकानात आली, तेव्हा गोळीवाला शेवटचं पान मिटून नाक पुसत होता.

"झालं? मग आता सांग, कसा दिसतो?"

गोळीवाल्यानं तिच्याकडे पाहिलं. तिला मिशा हव्या होत्या, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

"तुझ्या मामाच्या मिशा लावून पाहिल्या," तो म्हणाला. "सिनेमातले केसही लावून पाहिले. पण तो थैली घेऊन त्या बेटावर उतरतो ना, तेव्हा मला टकलाच दिसतो. काही केल्या टकलाच."

काकांची कात्री थांबली. 

डॉक्टरणीनं त्याच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं. "माझ्यासाठी खोटं बोलला असतास तर नाहीच म्हणणार होते," ती म्हणाली. "आता हो म्हणते. फक्त केस वाढव बाबा."

"वाढवायचे कशाला?" काका डोळे पुसत, वस्तरा उचलत पुढे आले. "चांगला दिसतोय की! बस इथे, ही खुंटं तेवढी काढून टाकतो."

"काका!" दोघं एकदम ओरडले.