रकाना क्रमांक एकोणीस

गरज असणे आणि गरज सिद्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्याला उमगले त्याचे निम्मे शिक्षण झाले असे समजावे. उरलेल्या निम्म्यासाठी शुल्क लागते. ते ज्यांच्यापाशी नाही अशांसाठी परिचारिका महाविद्यालयाने शुल्क-साहाय्य योजना काढली, आणि ती इतकी चोख की तिच्यातून आजवर एकही अपात्र माणूस आत शिरलेला नाही. (पात्रही फारसे शिरलेले नाहीत, पण चाळण बारीक असली की थोडे पीठही अडायचेच.)

एका घरची थोरली मुलगी तिथे दुसऱ्या वर्षाला होती. वडील नव्हते, आई घरी इस्त्रीचे कपडे घ्यायची, पाठची दोघे शाळेत. महिनाअखेरपर्यंत साहाय्य मंजूर झाले नाही तर हजेरीपटावरून तिचे नाव निघणार होते. तिने मोत्यासारख्या अक्षरात अर्ज भरला, बावीस कागद जोडले, आणि आठव्या दिवशी तो परत आला. वर लाल शिक्का: 'त्रुटी'.

खिडकीवरचे कारकून सज्जन गृहस्थ होते. कोणावर आवाज चढवल्याची त्यांची ख्याती नव्हती.

"कोणती त्रुटी, सर?"

"एकोणीस नंबरचा रकाना बघ."

रकान्यात छापले होते, 'अर्जात काही त्रुटी आहे काय?' थोरलीने लिहिले होते, 'नाही'.

"मग बरोबरच आहे की!"

"बरोबर कसं? त्रुटी आहे आणि तू नाही म्हणून लिहिलंयस. खोटी माहिती झाली ना ती."

"पण त्रुटी आहे कुठली?"

"हीच की. आत्ता काय सांगितलं मी?"

या युक्तिवादात खोट काढणे अद्याप कोणाला जमलेले नाही. थोरलीने नवा अर्ज आणून त्यात 'आहे' असे लिहिले. अर्जदाराने स्वतःच त्रुटी कबूल केल्यामुळे तो तिसऱ्याच दिवशी परत आला. (प्रामाणिकपणाची इतकी तातडीने दखल एरवी कुठे घेतात?) पुढच्या खेपेस तिने रकाना कोरा ठेवला. कोरा रकाना म्हणजे अपूर्ण अर्ज, हे तर शेंबडे पोरही सांगेल.

अशा वेळी विद्यार्थ्याला एकटे वाटू नये म्हणून जिन्याखाली 'विद्यार्थी आधार कक्ष' आहे. दोन खुर्च्या, प्लास्टिकचे एक झाड आणि अतिशय मायाळू अशा एक मॅडम. आधार सर्व लाभार्थ्यांना मिळतो. लाभार्थी म्हणजे ज्याचे साहाय्य मंजूर झाले आहे तो.

"तुझा मंजुरी क्रमांक?"

"मंजुरी मिळत नाही म्हणूनच आलेय, मॅडम."

"कळतंय गं मला. मंजुरी मिळाली की लगेच ये हं. मग या अडचणीवर आपण सविस्तर बोलू."

मग त्यांनी तिला तीन दीर्घ श्वास घ्यायला लावले आणि नोंदवही पुढे सरकवली. वहीत दोनच रकाने होते, 'समाधानी' आणि 'अतिसमाधानी'. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण त्यासाठी रकाना नव्हता. तिने पहिल्यात सही केली. त्या वर्षीची आकडेवारी अशी: कक्षाला भेटी ४१२, समाधानी ३८९, अतिसमाधानी २२, पेन न चाललेला १.

घरी आई म्हणाली, "उद्या मी येते तुझ्याबरोबर. चांगली भांडते त्यांच्याशी."

"भांडायची खिडकी वेगळी आहे, आई. तिथेही अर्ज लागतो."

"मग तो भर."

"त्यातही एकोणीस नंबरचा रकाना आहे."

आईने इस्त्री उभी करून ठेवली आणि कपाळाला हात लावला.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी थोरली चौथा अर्ज घेऊन खिडकीशी उभी राहिली, तेव्हा कारकुनांना खरोखरच वाईट वाटले. ते पुढे वाकून हळूच म्हणाले, "कोणाला सांगू नकोस. तिथं 'निरंक' लिही."

निरंक म्हणजे काही नाही. पण 'नाही' म्हणणे हे काहीतरी म्हणणे झाले, आणि निरंक लिहिणारा काहीच म्हणत नाही. थोरलीने उभ्या उभ्या लिहिले. कारकुनांनी बावीस कागद थुंकी लावून उलटले, चष्मा काढला आणि अर्ज निर्दोष असल्याचे जाहीर केले. त्या वर्षातला तो पहिलाच. थोरलीने त्यांना खिडकीतूनच नमस्कार केला.

"म्हणजे झालं ना, सर?"

"झालं असतं गं. पण निर्दोष अर्ज दोनपर्यंतच घेतो आम्ही." त्यांनी घड्याळाकडे पाहिले. तीन वाजून गेले होते. "पाचपर्यंत फक्त त्रुटीवाले."

ती जिन्यात बसून रडली. दुसऱ्या दिवशी तिचे नाव निघाले, आठवड्याने गणवेश पहिल्या वर्षाच्या एका मुलीला गेला, आणि आता घरात दोन इस्त्र्या चालतात.

योजनेचा वार्षिक अहवाल मात्र वर्तमानपत्रात झळकला: काटेकोर छाननीमुळे तरतुदीपैकी शेकडा सत्त्याण्णव रक्कम शिल्लक, गैरवापर शून्य. तो आपणही वाचलात. 'बरं झालं, फुकट्यांची खिरापत थांबली,' असे म्हणून मान डोलावलीत आणि पान उलटलेत.

तेव्हा उद्या आपण रुग्णालयात खाटेवर पडलेले असाल, सलाइनची बाटली संपत आली असेल आणि चारदा घंटी दाबूनही कोणी फिरकले नसेल, तर कृपया कोणाच्या नावाने बोटे मोडू नयेत. त्या पाळीला यायची होती ती मुलगी आपणच वाचवली आहे. शेकडा सत्त्याण्णवात.