मुकादमाचं पोट

जनावरांच्या बाबतीत आमचं घराणं उपजतच हुशार. आम्हाला काही शिकवावं लागत नाही, आणि शिकवलं तरी आम्ही शिकत नाही.

म्हणून ताई नर्सिंगच्या शिक्षणासाठी दुसऱ्या गावी निघाली आणि तिचा ससा आमच्या हवाली करताना रडायला लागली, तेव्हा मी तिच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, "अगं, ससा तो. गवत टाकायचं, पाणी ठेवायचं. यात बिघडण्यासारखं आहे काय?"

"तू आहेस," ताई म्हणाली.

आधी ती जायलाच तयार नव्हती. शेवटी आईने, बाबांनी आणि मी पिंजऱ्यावर हात ठेवून शपथ घेतली तेव्हा कुठे तिने बॅग भरायला घेतली. दारातून तिने बजावलं, "पहिल्या सुट्टीला येईन. हा मला आहे तसा दिसला पाहिजे. नाही दिसला तर मी परत तिकडे जायची नाही." आमची ताई बोललेलं करून दाखवते. लहानपणी एकदा कढीपत्त्याशी बोलणार नाही म्हणाली होती, ती अजून बोललेली नाही.

सशाचं नाव मुकादम. स्वतः काडीचं काम करायचं नाही, पण दुसऱ्याचं काम चालू असलं की समोर बसून नाक हलवत बघत राहायचं, हा त्याचा स्वभाव. मी अभ्यासाला बसलो की तो असा बघायचा, की मला उगाचच पान उलटावंसं वाटायचं.

आमचं घर तेव्हा दोन खोल्यांचं होतं. मुकादमाचा पिंजरा बाहेरच्या खोलीत खिडकीखाली आणि शेजारी वाळल्या गवताचं पोतं. ते गवत घरभर असायचं. उशीत, चपलेत, बाबांच्या डब्यात. परवा जुना स्वेटर काढला तर बाहीतून एक काडी पडली. मी ती टाकायला म्हणून उचलली आणि वास घेत उभाच राहिलो. बायकोने विचारलं, "काय झालं?" सशाचं पोट आठवलं असं लग्नाच्या पहिल्या वर्षात सांगता येत नाही.

बाबा छर्ऱ्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. बेअरिंगमध्ये पोलादाचे गोल छर्रे असतात ना, ते गोल आहेत की नुसते गोलसर, हे ठरवणं बाबांचं काम. ठरलेल्या मापात बसला तर पास, नाहीतर रिजेक्ट. आयुष्यभर हेच केल्यामुळे माणसाचं काय होतं ते आम्ही घरी बघत होतो. बाबा टिकलीसुद्धा आधी तपासून मग आईला द्यायचे.

ससा घरात आला तेव्हा बाबांनी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. एके दिवशी पिंजऱ्याखालचा कागद बदलायची पाळी त्यांच्यावर आली. बराच वेळ झाला तरी बाबा उठेनात, म्हणून मी जाऊन बघितलं, तर त्यांच्या तळहातावर मुकादमाच्या दोन लेंड्या आणि चेहऱ्यावर देवदर्शन झाल्याचे भाव.

"बघ," ते हळूच म्हणाले. "दोन्ही एकसारख्या. याच्याकडे मशीन नाही, साचा नाही. आमच्याकडे आख्खी शिफ्ट लागते."

तेव्हापासून रोज सकाळी बाबा दाढीच्या आधी लेंड्या बघायचे. आकार बघायचे, बोटाने फोडून आतलं तूस बघायचे आणि आत हाक मारायचे, "आजचा माल पास!" आई आतून म्हणायची, "हात धुवा आणि मगच कशाला शिवा." आमच्या घराची सकाळ या दोन वाक्यांनी सुरू व्हायची.

ताई गेल्यावर घर एकदम मोठं झालं. तिची खुर्ची, तिचा कंगवा, तिचा आरडाओरडा नसणं. प्रत्येकाची माया वाट शोधत होती आणि सगळ्या वाटा पिंजऱ्याशी येऊन संपत होत्या. मी कॉलेजातून आलो की मुकादमाला केळं द्यायचो. चांगलं अर्धं. मला वाटायचं, बिचाऱ्याला माझ्याशिवाय कोण देणार?

काही दिवसांनी पिंजऱ्यात वेगळाच प्रकार दिसायला लागला. मऊ, चकचकीत गोळ्या, एकमेकींना चिकटलेल्या, द्राक्षांच्या घडासारख्या. बाबांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"रिजेक्ट," ते म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता.

आणि त्याच सकाळी त्यांनी आणखी एक गोष्ट बघितली. मुकादमाने मान वळवली, पोटाखाली तोंड घातलं, आणि असाच एक घड जागच्या जागी गट्ट केला. वर नेहमीसारखं नाक हलवत बाबांकडे बघितलं.

बाबा खुर्चीवर बसले. "रिजेक्ट माल परत लाइनीत सोडतोय हा. म्हणून पुढचा सगळा माल बिघडतोय."

"अहो, ससा आहे तो," आई म्हणाली.

"कारखाना असो नाहीतर ससा, खराब माल परत आत गेला की बोंबललंच."

संध्याकाळी बाबा कारखान्यातून पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आले आणि त्यातून मधोमध भोक असलेली एक गोल तबकडी कापली. परीघ अर्थातच बिनचूक. कडेला मऊ कापड शिवलं, आणि ती तबकडी मुकादमाच्या गळ्यात बसवली. तोंड आता मागे पोचणार नव्हतं. मुकादम सभेत लावलेल्या कर्ण्यासारखा दिसायला लागला.

"आता बघा माल," बाबा म्हणाले.

आम्ही बघत बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी बघायला काही उरलंच नाही. तबकडीमुळे त्याला गवत नीट खाता येईना, मग तो खायचंच सोडून बसला. केळं पुढे धरलं तर मान फिरवली. कोपऱ्यात पाठ वाकवून, डोळे अर्धे मिटून बसून राहिला, आणि दात करकर वाजवायला लागला. पिंजऱ्याखालचा कागद कोरा करकरीत. एक लेंडी नाही.

बाबांनी कागद उलटा करून बघितला.

"शनिवारी ताई येतेय," मी म्हणालो. हे सगळ्यांना माहीत होतं, पण कोणीतरी म्हणायला हवं होतं. आईने पदर खोचला, मुकादमाला टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि म्हणाली, "चला."

जनावरांच्या डॉक्टरीणबाई बारीक चणीच्या होत्या आणि त्यांना बोलायला वेळ नव्हता. त्यांनी आधी तबकडी बघितली, मग आम्हाला, मग पुन्हा तबकडी.

"हे कशासाठी?"

"प्रक्रियेत सुधारणा," बाबा म्हणाले.

बाईंनी तबकडी काढून टाकली. पोट चाचपलं, कानाला नळ्या लावून ऐकलं. "पोटात काही हलत नाहीये. सशाचं पोट थांबणं म्हणजे गंमत नाही, वेळेवर चालू झालं नाही तर हातचा जातो. खायला काय देता?"

"गवत," आम्ही तिघंही म्हणालो.

"फक्त गवत?"

"फक्त," बाबा म्हणाले.

बाई नुसत्या बघत राहिल्या. तेवढ्यात आई म्हणाली, "आणि चुकून एखादा पावाचा तुकडा."

मी आणि बाबांनी माना वळवल्या.

"चुकून कितीदा?"

"सकाळी एकदा. आणि दुपारी एकदा चुकून. तो माझ्याकडे असा बघायचा हो, आमची मुलगी बघायची तसा."

"आई, मी त्याला केळं देत होतो," मी म्हणालो. "मला वाटलं मी एकटाच देतोय."

"केळं?" बाबा गरजले. "त्याच्या पोटात केळं? अरे, काही शिस्त?"

"आणि तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"मी तपासनीस आहे."

"ते कळलं. देता काय?"

बाबांनी छताकडे बघितलं. "संध्याकाळी चहाच्या वेळी बिस्किट. अर्धं. कोरडं." मग थोड्या वेळाने, "आधी बुडवून द्यायचो."

टेबलावर मुकादमाने दात वाजवले.

बाईंनी सुई टोचली, कातडीखाली पाणी सोडलं आणि ते करता करता सांगितलं, की सशाचं पोट गवतावर चालतं. पाव, बिस्किट, केळं असलं गोड आणि मऊ खाल्लं की ते मंदावतं. मऊ गोळ्या जास्त व्हायला लागतात आणि पडून राहतात.

"म्हणजे तो रिजेक्ट मालच होता," बाबा जरा सावरले.

"अजिबात नाही. ते त्याचं जेवण आहे. गवत पोटातून एकदा गेलं की अर्धंच काम होतं. त्या मऊ गोळ्या तो परत खातो, तेव्हा कुठे त्यातलं सत्त्व अंगी लागतं. सगळे ससे खातात."

"म्हणजे," बाबा हळूहळू म्हणाले, "रीवर्क. माल पुन्हा कामाला घ्यायची पायरी मूळ प्रक्रियेतच आहे."

"जन्मापासून."

"आणि मी ती बंद केली."

निघताना बाबांनी पुठ्ठ्याची तबकडी दुमडून खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी रजा टाकली. बाबा रजा घेत नसत. माझ्या जन्माच्या वेळीसुद्धा ते शिफ्ट संपल्यावर आले होते आणि मला उलटसुलट करून बघून "ठीक आहे" म्हणाले होते. आम्ही तिघं जमिनीवर पिंजऱ्याभोवती बसलो. बाईंनी दिलेली गवताची पूड पाण्यात कालवून मी पिचकारीने त्याच्या गालात थोडी थोडी सोडत होतो. आई गरम बोटांनी पोट चोळत होती आणि ताईला लहानपणी म्हणायची ते काहीतरी गुणगुणत होती. बाबा नुसते कागदाकडे बघत होते. इतक्या जवळ, इतका वेळ आम्ही तिघं कधी बसलो नव्हतो. दुपारचं ऊन पिंजऱ्यावरून सरकत भिंतीवर गेलं. कारखान्याचा भोंगा झाला, तरी बाबांनी घड्याळाकडे बघितलं नाही.

"गेला तर पोरगी मला काय म्हणेल?" ते एकदाच म्हणाले.

"काही होत नाही," आई म्हणाली. "तुमच्यासारखाच हट्टी आहे."

मग मुकादमाने पाय झाडले, एक काडी ओढली, चावली. थोड्या वेळाने दुसरी. आणि मग कागदावर टप्प असा आवाज झाला.

लेंडी बारीक होती. वाकडी, एका बाजूला चपटी, टोकाला शेपूट आलेली. बाबांनी ती तळहातावर घेतली, खिडकीशी नेली, फिरवून बघितली. त्या माणसाने उभ्या जन्मात केसभर वाकडा छर्रा पुढे जाऊ दिला नव्हता.

"पास," बाबा म्हणाले आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

शनिवारी ताई आली तेव्हा मुकादम गवतात मान खुपसून बसला होता आणि माल पुन्हा गोल झाला होता. बाबा दारातच बशी घेऊन उभे.

"बाबा, मी परीक्षेत वर्गात दुसरी आले."

"छान. आधी हे बघ."

ताईने बशीत बघितलं, मग बाबांकडे. मग तिने मुकादमाला छातीशी धरलं आणि एवढी रडली, की आम्ही काय काय केलं ते सांगायचं आपोआपच राहून गेलं. डोळे पुसून ती म्हणाली, "मला वाटलं होतं, तुम्ही लाड करून त्याचं पोट बिघडवाल. पण नाही, नीट सांभाळलंत." आणि तिने बॅगेतून बिस्किटांचा मोठा पुडा काढला. "घे रे राजा. मी असताना रोज गुपचूप द्यायचे त्याला. तुम्हाला सांगितलं असतं तर ओरडला असतात."

आम्ही तिघांनी एकदमच झडप घातली.

घरात बिस्किटं ठेवायची म्हणजे चौघांपैकी कोणीतरी घसरणार, हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. तेव्हा पुडा तिथल्या तिथे संपवावा असं ठरलं. आम्ही पिंजऱ्यासमोर मांडी घालून बसलो आणि ताईच्या हॉस्टेलच्या गोष्टी ऐकत शेवटच्या बिस्किटापर्यंत गेलो. मुकादम गवत चावत बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात पाच पोटं होती. त्यातलं ठीक फक्त एक होतं.