दीर्घिकांचा स्वाभाविक कल

संस्थेत दूरच्या दीर्घिकांचे कल मोजण्याचं काम चालतं. वाटेतल्या अदृश्य वस्तुमानामुळे त्यांचा प्रकाश वाकतो आणि शेजारशेजारच्या दीर्घिका एकाच दिशेला किंचित ताणल्यासारख्या दिसतात. हा ताण मोजून वस्तुमान काढायचं. संचालकसाहेबांनी ते अठरा वर्षांपूर्वी काढलं. तो आकडा प्रवेशद्वाराशी चौकटीत लावलेला आहे.

एका कंत्राटी संशोधिकेनं मात्र दीर्घिका रंगानुसार वेगळ्या केल्या. तरुण, निळ्या दीर्घिका कशाही कललेल्या होत्या. त्या आपल्याच भोवती फिरण्यात दंग. जुन्या, लाल, वजनदार दीर्घिका जवळच्या मोठ्या समूहाकडे मुळातच कललेल्या निघाल्या. प्रकाश वाकण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. हा कल हिशेबात धरला की साहेबांचा आकडा बदलत होता. चौकट बदलण्याची मात्र सोय नव्हती. आणि संशोधिकेचं कंत्राट महिनाअखेरीस संपत होतं.

साहेब सौम्यपणे म्हणाले, "बाई, लाल दीर्घिका गाळून टाका की."

"सर, निम्म्याहून जास्त त्याच आहेत."

"मग रंग गाळा."

नियमानुसार समिती नेमली गेली. सात ज्येष्ठ प्राध्यापक. एकमेकांचा प्रभाव पडू नये म्हणून सात खोल्या, सात बंद पाकिटं. प्रश्न एकच: कुणी न वाकवता कुणी आपणहून मोठ्याकडे कलतं का? सातही पाकिटांतून एकच उत्तर निघालं: "साहेबांच्या मताशी सहमत." साहेबांनी मत अजून दिलेलं नव्हतं.

"पाहा," साहेब म्हणाले, "सात स्वतंत्र मतं आणि दिशा एकच. आणखी काय पुरावा हवा?"

"सर, माझ्या शोधनिबंधात हेच लिहिलंय."

सर्वांत ज्येष्ठ प्राध्यापक दुखावले. "अहो बाई, आम्हाला कुणी वाकवलेलं नाही. आम्ही मुळातच असे आहोत."

संशोधिकेनं ते वाक्य तारखेसह वहीत उतरवून घेतलं.

मग ती पाठिंब्यासाठी तरुण संशोधकांकडे गेली. ते खरोखरच कुणाकडेही कललेले नव्हते. "ताई, एकदम पटलं," त्यांतला एक म्हणाला, "पण माझाच निबंध अडकलाय ना," आणि खुर्चीसकट गर्रकन फिरून आपल्या संगणकाकडे वळला.

महिनाअखेरीस साहेबांनी तिच्या हाती पत्र ठेवलं. कायम नेमणूक, आणि साहेबांच्या दालनाला लागून खोली. "इथं बसून एकदा फेरमोजणी करा. घाई नाही."

नव्या खोलीत पहिल्याच आठवड्यात लाल दीर्घिकांचा कल निम्म्यावर आला. दुसऱ्या महिन्यात तो नाहीसा झाला. दुर्बीण तीच, दीर्घिका त्याच.

वार्षिक सभेत साहेबांनी लाल दीर्घिकांवर एक विनोद केला. सगळं सभागृह हसलं. तीही हसली, किंचित उशिरा. पुढच्या वर्षी तो उशीरही राहिला नाही.

आपल्याला तिचा राग आला असेल. रास्तच आहे. फक्त गेल्या आठवड्यात आपले साहेब काय म्हणाले म्हणून आपण हसलात, तेवढं आठवून पाहा. हसलेलं आठवेल. विनोद आठवणार नाही.