घशात अडकलेला चंद्र

आख्ख्या मोगलपुऱ्यात नावं ठेवण्यात फसीहुद्दीन मास्तरांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. बाळांना आणि मोठ्यांनाही! कुठलं नाव अरबी, कुठलं फारसी, अर्थ काय, सगळं तोंडपाठ. चाळीस वर्षं हैदराबादच्या पोरांना उर्दू शिकवलेला माणूस तो!

आज त्यांच्याच नातवाचा अकीका, म्हणजे सातव्या दिवशी जावळ काढून नाव ठेवायचा सोहळा होता. पण लखनौचे व्याही तहव्वुर हुसेन स्वतःचं नाव घेऊन आले होते : ज़रग़ाम, म्हणजे सिंह.

"नातू आहे की सर्कस?" मास्तर सकाळीच बायकोजवळ, रफियाबींजवळ, गरजले. "माझं नाव ऐका, मग बोला!"

शेवटी तोड निघाली. आधी मास्तरांनी निवडलेलं नाव सांगायचं. एकानं जरी हरकत घेतली, तर सिंह पाळण्यात!

दिवाणखाना भरला. न्हावी वस्तरा परजून बसला. मास्तर उठले, शेरवानी झटकली आणि म्हणाले, "खमर! अरबी शब्द. अर्थ..."

भाचा गौस जेद्दाला पंधरा वर्षं ट्रक चालवून आलेला. त्याच्या घशात खिमा भरलेली लुकमी अडकली. "मामू! तिकडे खमर म्हणजे दारू!"

"या अल्लाह!" मास्तरांच्या बहीण खैरुन्निसा फुफी किंचाळल्या. "सातव्या दिवशी पोराला दारू?"

"दारू नाही, चंद्र!" मास्तर ओरडले. "मी खमर नाही म्हणालो, खमर म्हणालो!"

"दोन्ही एकच ऐकू आले, मामू!"

"तुझे कान ट्रकमध्ये राहिले!"

रफियाबी मदतीला धावल्या. "अहो, यांना कमर म्हणायचंय."

"कमर?" फुफी कपाळावर हात मारत म्हणाल्या. "आता पोराचं नाव कंबर?"

तहव्वुर हुसेन मंद हसले. "मास्तरसाहेबांना क़मर म्हणायचंय. हैदराबादेत 'क़'चा 'ख' होतो. घशाच्या तळातून काढा. क़!"

झालं! मास्तरांनी मान ताणली, डोळे मिटले. "ख!" पाणी प्याले. "ख्ख!" गौसनं करून पाहिलं, त्याला उचकी लागली. बघता बघता सगळा दिवाणखाना गुळण्या करू लागला, जणू चारमिनारची कबुतरंच घरात शिरली होती! पाळण्यातलं बाळ टुकूटुकू बघत होतं. न्हाव्यानं भीतीनं वस्तरा मिटून ठेवला.

मास्तरांचा चेहरा पडला. हरकत तर आलीच होती. आता सिंह येणार!

तहव्वुर हुसेन उठले. "हरकत उच्चाराला आहे, नावाला नाही. चंद्र कुणाला नको? सिंह राहू द्या लखनौला!" त्यांनी कागदावर सुबक अक्षरात 'क़मर' लिहिलं.

मास्तरांनी व्याह्यांना अशी मिठी मारली, की शेरवानीचं बटण तुटलं! मिठाई वाटली गेली, जावळ निघालं, जेवणं झाली. मास्तर ऐटीत पाळण्यापाशी गेले, तर तिथे फुफी गात होत्या, "माझा चांदू गं!" गौस चुटक्या वाजवत होता, "चांदू, इकडे बघ!"

"अरे, चांदू कोण?" मास्तर भडकले. "मी इतका थोर शब्द दिला, त्याचं काय?"

"शब्द कागदावर छान आहे," रफियाबी म्हणाल्या. "आम्ही अर्थ तेवढा घेतला!"

सगळे जर्दाळूच्या गोडावर, खुबानीच्या मिठ्यावर, तुटून पडल्याचं बघून मास्तरांनी पाळण्यात डोकं घातलं, घसा खाकरला, जोर लावला, "ख..."

बाळानं भोकाड पसरलं.

"नाही रे, नाही रे, चांदू!" मास्तर घाईघाईनं म्हणाले.