अकरा किलो, टोपीसकट

"त्या वाटेवर एकही गाडी नसते," असं आमचे हे म्हणाले आणि मी पटकन हो म्हणून बसले. सगळं तिथेच बिघडलं.

एरवी मी कशालाच पहिल्या फटक्यात हो म्हणत नाही. टिल्ली झाल्यापासून तर नाहीच नाही. टिल्ली म्हणजे आमची दोन वर्षांची लेक. ती शिंकली की मी थर्मामीटर शोधते, आणि बराच वेळ शिंकली नाही तर का शिंकत नाही म्हणून शोधते. (शाळा मी सातवीत सोडली, पण काळजीत माझा नंबर कायम पहिला.) सगळ्यात जास्त धसका गाड्यांचा. म्हणून डोंगरातल्या जंगलात जुनी रेल्वे लाइन आहे, रूळ उखडून तिथे फक्त सायकलींसाठी वाट केली आहे, तीन दिवस सायकलने हिंडायचं, असं ऐकल्यावर मला वाटलं, चला, आयुष्यात तीन दिवस तरी हॉर्न ऐकू येणार नाही.

सायकली भाड्याने घेतल्या. सासूबाईंनी बॅटरीवाली घेतली. बासष्टाव्या वर्षी त्यांना मागे मुलाची सीट असलेलीच सायकल हवी होती.

"नात माझ्या मागे बसेल," त्या म्हणाल्या.

"आई, नको. पडली म्हणजे?"

"अगं, याला मी पुढच्या दांड्यावर बसवून बाजारात न्यायची. पडला का?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. पडले असावेत असं मला वाटत होतं.

शेवटी टिल्लीसाठी ट्रेलर घेतला. म्हणजे सायकलला मागे जोडायची दोन चाकांची गाडी, वर जाळी, आत पट्टा. ट्रेलर माझ्याच सायकलला लावायचा, हेही मीच ठरवलं. जाळीवर मी चादर बांधली (ऊन), चादरीवर प्लास्टिक (पाऊस), आणि टिल्लीला लाल लोकरीची टोपी घातली (वारा). स्वतःच्या कानात कापूस कोंबून वरून स्कार्फ करकचून बांधला. आई आजारी पडली तर मुलाचं कोण बघणार?

आता ह्यांच्याविषयी सांगायला हवं. हे वजनकाटे दुरुस्त करतात. दुकानांचे, गोदामांचे, दवाखान्यांतले. खिशात रुमाल नसेल, पण हुकाचा काटा असतो. निघताना ह्यांनी प्रत्येक पिशवी काट्याला टांगून बघितली.

"ट्रेलरमध्ये उजवीकडे तुझी औषधांची पिशवी, अकरा किलो," हे म्हणाले. "डावीकडे टिल्ली, अकरा किलो. दोन्ही बाजू सारख्या. एक बाजू हलकी झाली तर वळणावर ट्रेलर कलंडतो, लक्षात ठेव."

"कलंडतो?" एवढा एकच शब्द माझ्या कापसातून आत गेला.

पहिला टप्पा छान झाला. दोन्हीकडे उंच झाडं, खाली पाचोळा, आणि माणूस म्हणून नाही. जिथून चढ सुरू होतो तिथे एक जुनं स्टेशन लागलं. आता ते विश्रांतीची शेड झालं आहे. तिथे एक राखणदार, एक टेलिफोन आणि एक कलिंगडवाली बसते. तिथून वरचं रेस्ट हाउस आठ किलोमीटर. मोबाइलला मधे कुठेही रेंज नाही. मी पाण्याच्या बाटल्या भरायला मागे गेले. चार बाटल्या, प्रत्येक तीनदा विसळून. परत आले तर सासूबाई पुढे निघूनही गेल्या होत्या, आणि हे ट्रेलरची जाळी लावत होते. मला बघून हातवारे करत काहीतरी बोलले.

"हो, हो," मी म्हटलं. "जाळीची चेन नीट लावा."

हे आणखी काहीतरी बोलले. मी आणखी जोरात मान डोलावली. मग हे खोल्यांच्या किल्ल्या घ्यायला पुढे गेले.

मी ट्रेलर ओढत चढ चढू लागले. दर पाच मिनिटांनी मागे वळून चादरीच्या फटीतून बघायची. लाल टोपी दिसली की जीव थंड. किती शांत झोपली होती! रडणं नाही, पाणी मागणं नाही. मी तिच्याशी बोलत होते. "बघ हं टिल्लू, केवढं झाड! आहे की नाही माझी शहाणी बाई?" अंगाईसुद्धा म्हटली, धापा टाकत, प्रत्येक ओळीला दोनदा थांबून. एवढ्या गुणी मुलीची आई असल्याचा मला खरंच अभिमान वाटायला लागला.

सहा किलोमीटर झाल्यावर मात्र वाटलं, एवढी झोप बरी नाही. थांबले. प्लास्टिक काढलं, चादर काढली, चेन उघडली, टोपी सरकवली.

टोपीखाली कलिंगड होतं.

चांगलं मोठं, हिरवंगार, पट्टा लावून बसवलेलं.

मी त्या कलिंगडाला हाक मारली. "टिल्ली?" (घाबरलेल्या माणसाला कुणी हसू नये.) मग पिशवी उपसली, ट्रेलरच्या खाली बघितलं, मागे वाटेवर बघितलं. कुणी नाही. हाका मारल्या तर डोंगराने त्याच परत केल्या. ज्या वाटेवर एकही गाडी नाही म्हणून मी आले, तिथे आता एखादा ट्रक, एखादी खटारा टॅक्सी यावी म्हणून जीव तुटत होता. जाळीची चेन परत लावायला गेले, तर तीही लागेना.

अशा वेळी शहाण्या माणसाने काय केलं असतं? वर दोन किलोमीटरवर नवरा होता, सासू होती, तिकडे गेला असता. माझ्या डोक्यात एकच आलं. टोपीत कलिंगड आहे. कलिंगडं कुणाकडे होती? कलिंगडवालीकडे. कलिंगड इथे, म्हणजे मुलगी तिथे!

सायकल वळवली आणि सुटले. ट्रेलर सोडायचा कसा ते माहीत नव्हतं, म्हणून तोही मागून धडधडत आला. मी ब्रेक हे काय असतं तेच विसरले. वळणं कशी घेतली ते आठवत नाही. स्कार्फ उडाला, कानातला कापूस कुठे गेला देव जाणे. ट्रेलर मात्र एकदाही कलंडला नाही, हे इथे प्रामाणिकपणे सांगते. दोन्ही बाजू अगदी सारख्या होत्या.

शेडपाशी सायकल टाकली, कलिंगड उचललं आणि कलिंगडवालीच्या मांडीत ठेवलं.

"हे घ्या तुमचं कलिंगड! माझी मुलगी द्या!"

तिने कलिंगड फिरवून बघितलं. "बाई, विकलेला माल आम्ही परत घेत नाही."

"माझी मुलगी कुठाय?"

"ती लाल टोपीवाली?"

"हो हो!"

"टोपी तर याला आहे."

मी मटकन खाली बसले आणि रडायलाच लागले. तेव्हा तिला कळलं की हे वेगळं प्रकरण आहे. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"अगं, म्हातारीने नेली तिला. पोर त्या टोपीत उकडून किंचाळत होती. म्हातारीने टोपी काढली, आपल्या मागच्या सीटवर बसवली, पट्टे बांधले आणि गेली. पोरगी टाळ्या वाजवत होती."

"मग हे कलिंगड?"

"ते तुझ्या नवऱ्याने घेतलं. अर्धी रास उपसली माझी! एकेक पिशवीत घालून काट्याला टांगायचा. हे साडेनऊ, हे बारा. म्हटलं गोड बघून देते, तर म्हणतो, गोड नको, अकरा किलोचं हवं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. टिल्ली उतरल्यावर डावी बाजू हलकी झाली होती. (औषधांची पिशवी मधे सरकवली असती तरी भागलं असतं. कुणालाही सुचलं असतं. कुणालाही.)

तोवर राखणदाराने वरच्या रेस्ट हाउसला फोन लावून रिसीव्हर माझ्या हातात दिला होता.

"आई! टिल्ली..."

"हळू बोल ना," सासूबाईंचा आवाज आला. "आत्ता डोळा लागलाय तिचा. दोन वाट्या भात जेवली. तू आहेस कुठे? तो तुला शोधायला खाली निघालाय."

दोन वाट्या! माझ्या हातून ती कधी चार घासांच्या वर जेवली नाही. एरवी मला राग आला असता. त्या क्षणी मला सासूबाईंचे पाय धरावेसे वाटले, पण टेलिफोनची तार तेवढी लांब नव्हती. मी राखणदाराचा हात धरून गदागदा हलवला आणि कलिंगडवालीला मिठी मारली. ती म्हणाली, "बरं बरं. आता हे घेऊन जा."

अर्ध्या चढावर हे भेटले. घामाघूम, चेहरा उतरलेला.

"अगं, मी सांगितलं होतं तुला! दोनदा! तू हो हो म्हणालीस!"

"आणि टोपी? टोपी कशाला घातली त्याला?"

"ऊन लागून तडकलं असतं तर? अकरा किलोचं एकच होतं."

मी भांडणार होते. तोंड उघडलंसुद्धा. पण हसूच फुटलं, आणि एकदा फुटलं ते थांबेना. हे आधी घाबरले, मग हेही हसायला लागले. ट्रेलर ह्यांनी आपल्या सायकलला लावला, आणि उरलेला चढ मी पिसासारखी हलकी होऊन चढले.

टिल्ली जागी होऊन पायरीवर बसली होती. मी तिला उचलून इतकं आवळलं की ती ओरडली. मग माझ्या खांद्यावरून तिला टोपीतलं कलिंगड दिसलं.

"बाळ!" ती म्हणाली.

झालं. ते कापायला कुणाला हात लावू देईना. त्याला खोलीत न्यावं लागलं, गादीवर निजवावं लागलं, पांघरूण घालावं लागलं. सकाळपासूनच्या दगदगीने आम्ही सगळे दुपारीच आडवे झालो. खिडक्यांचे पडदे ओढलेले, बाहेर पानांची सळसळ, आणि माझ्या शेजारी माझी लेक. एवढं सुख मला कित्येक महिन्यांत मिळालं नव्हतं. डोळे मिटूनच मी हात लांब केला, तिला थोपटलं, टोपी सारखी केली, आणि सवयीने टोपीखाली हात घालून ताप बघितला.

ताडकन उठून बसले. "अहो, उठा! हिचं अंग गार पडलंय!"

ह्यांनी डोळेही उघडले नाहीत.

"ते कलिंगड आहे," हे म्हणाले. "टिल्ली इकडे आहे, माझ्या बाजूला."