गुंडाचा पांढरा शर्ट

“कोट काढ,” आबांचा मुकादम हनमंते सरांना म्हणाला, आणि सर भ्याले.

मी भाकरीची पाटी घेऊन तिथंच उभी होते. मुकादमाच्या हातात काठी होती. त्याच्यामागं जीपमधून उतरलेले आणखी गडी होते. आणि पाण्याच्या टँकरला टेकून माझ्या खानावळीतली कॉलेजची पोरं लाकडी पिस्तुलं घट्ट धरून होती. काठी पाहून सर भ्याले नव्हते. “पोरांना हात लावायचा नाही, जे झालं ते माझ्या सांगण्यावरून झालं,” असं त्यांनी वर्गात सांगावं तसं सांगितलं होतं. कोटाचं नाव निघाल्यावर मात्र त्यांचे दोन्ही हात बटणांवर गेले आणि तिथंच राहिले.

या माणसाला मी कोटाशिवाय कधी पाहिलं नव्हतं.

लातूर तेव्हा नवाच जिल्हा झालेला. जिल्हा झाला म्हणून लोकांनी पेढे वाटले आणि पेढे खाल्ल्यावर प्यायला पाणी मिळेना. कचेऱ्यांच्या पाट्या रंगवून झाल्या, नळ मात्र कोरडेच राहिले. मी चौथी शिकलेली बाई. नवरा गेल्यावर कॉलेजमागं खानावळ काढली होती. तिच्या मागच्या खोलीत हनमंते सर भाड्यानं राहायचे. कॉमर्स शिकवायचे. गाव कंधारकडचं, माणूस आमच्याच समाजाचा, बुद्धवंदना पाठ असलेला, आणि एकटा.

काळा कोट, पांढरी कॉलर, टाय. चैत्र-वैशाखात डांबर विरघळायचं, पण सरांचं एक बटण सुटायचं नाही. जेवायला बसले तरी कोट अंगात. मी एकदा म्हणाले, “सर, आतल्या आत शिजून जाल.” तर म्हणाले, “आक्का, माणूस आधी दिसतो, मग बोलतो.”

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पोरगा चप्पल घासत वर्गात आला तरी तेच, मी फाटक्या पातळात वाढायला गेले तरी तेच. पोरं त्यांच्या माघारी तसंच म्हणून दाखवायची. सर कोटासकटच जन्मले आणि सुइणीला म्हणाले, बाई, माणूस आधी दिसतो.

हापशावर बादली घेऊन जायचे तेही कोटातच. बायकांना वाटायचं, हा नव्या कलेक्टर कचेरीतला साहेब. त्या वाट द्यायच्या. सर मुकाट्यानं ओळीच्या शेवटी जाऊन उभे राहायचे. मग बायका तिथं येऊन तक्रारी सांगायच्या, हापसा असा, टँकर तसा. आपण साहेब नाही, हे सर सांगायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी तोच कोट घालून कचेरीत जायचे आणि त्या तक्रारी देऊन यायचे. तिथंही कुणीतरी साहेबच समजून त्यांना खुर्ची द्यायचं.

हे खूळ त्यांना नांदेडला कॉलेजात असताना लागलं. नाटकात भाग घ्यायचे. दर वर्षी यांना भालदार करायचे. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायची गरज नव्हती. भाला घेऊन उभं राहायचं, बोलायचं काही नाही. “उभं राहून राहून कळलं, आक्का,” ते एकदा म्हणाले. “राजासुद्धा बोलायच्या आधी अंगरख्यानं राजा असतो.”

त्या दुष्काळात कॉलेजचं गॅदरिंग रद्द झालं. लग्नंही लोकांनी पुढं ढकलली होती, त्यामुळं लग्नाचा व्हिडिओ काढणारा आमच्या खानावळीचा एक मेंबर कॅमेरा गळ्यात घालून रिकामा बसायचा. पोरं त्याला म्हणाली, पिच्चर काढू. गुंडांचा. सर पडले नाटकाचे प्रमुख, म्हणून पोरं त्यांच्याकडं गेली.

मी तेव्हा भात उपसत होते. पोरांनी हॅट आणली होती, काळा गॉगल आणला होता, कुणाच्या तरी काकाची सिगारेटची पेटी आणली होती. फक्त कोट नव्हता. गुंडासाठी सरांनी आपला कोट द्यावा, असं नायगावचा बालाजी म्हणाला. बालाजी गुंड होणार होता. शेतकऱ्याचं पोरगं, अंगानं काटकुळं, आवाज मात्र रेड्यासारखा.

सरांनी भिंतीवरच्या फोटोकडं बोट केलं. तो फोटो आमच्या सगळ्यांच्या घरात असतो, आणि त्यातल्या माणसाच्या अंगात कोटच आहे.

“हा कपडा शिकलेल्या माणसाचा,” सर म्हणाले. “गुंडाला द्यायचा न्हाई.”

“मग सर, पिच्चरमधी तर सगळे गुंड कोटच घालतेत.”

“ते मुंबईचे. इथं कोट घातलेला गुंड तू पाहिलास का? लातूरचा गुंड पांढरंशुभ्र घालतो. दुष्काळात ज्याचे कपडे पांढरे, त्याच्याकडं पाणी हाय. लोक कपडे बघूनच भितेत.”

सगळ्या पोरांना एकच माणूस आठवला. गावाबाहेर आबांची विहीर होती. तिला पाणी होतं आणि सरकारी टँकर तिथंच भरायचे. वस्तीच्या नावानं निघालेला टँकर आबांच्या नव्या लॉजच्या बांधकामावर रिकामा व्हायचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलायचं नाही. आबांचे कपडे बगळ्यासारखे असायचे. त्यांच्या मुकादमाचेही.

मग सर पेटले. हॅट गेली, गॉगल गेला. पोरांनी गुंडाच्या अड्ड्यासाठी सोफा मागून आणला होता, तो परत पाठवला. माझ्या पडवीत बाज टाकली, तिच्यापाशी वायर नसलेला फोन ठेवला आणि पितळेचा तांब्या. बालाजीनं बाजेवर बसायचं, तांब्यातलं पाणी तोंडात घ्यायचं, खळखळून चूळ भरायची आणि सगळी मातीत टाकायची. एवढंच. “पिस्तूल दाखवायची गरज न्हाई,” सर म्हणाले. “बघणारा इथंच भितो.”

मी म्हणाले, एक तांब्या देईन, दुसरा मागू नका. बालाजीनं अशी झोकात चूळ टाकली की माझ्या अंगावर काटा आला. व्हिडिओवाला म्हणाला, बटण दाबायचं राहिलं. दुसऱ्या खेपेला मी बालाजीच्या पुढ्यात घमेलं धरलं आणि ती चूळ शेळीला पाजली. पिच्चरमध्ये घमेल्याचा काठ दिसतो म्हणून सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

गुंडाचा पांढरा नेहरू शर्ट सरांनी स्वतः शिवला. माझी मशीन मागून नेली, पिस्तुलाच्या खोळी शिवतो म्हणाले. शर्ट चांगला झाला, फक्त नको तिथं जोड होते. एक पाठीवर उभा, दोन कुशीत. मी विचारलं तर म्हणाले, हल्ली तशीच पद्धत आहे. प्यायच्या पाण्यातून वाचवून ते रोज तो शर्ट धुवायचे, नीळ घालायचे, माझ्या भाताच्या पेजेची खळ द्यायचे. त्यांचे स्वतःचे शर्ट मात्र अंगणातल्या दोरीवर दिसेनासे झाले. मला वाटलं, पाणी नाही म्हणून धुवत नसतील. पगार तर सगळा कंधारला जायचा, भावाची जनावरं छावणीत होती.

शेवटचा सीन टँकर अडवायचा. टँकरचा ड्रायव्हर खाजाभाई माझ्याकडंच जेवायचा. तो म्हणाला, लॉजवर जाताना माळावर थोडा वेळ थांबवतो, तेवढ्यात काय ते उरका. मी पोरांच्या भाकरी घेऊन गेले होते.

बालाजीनं मिशी चिकटवली होती. तो टँकरपुढं उभा राहिला आणि रेड्याच्या आवाजात त्याचं वाक्य बोलला, “पाणी माझं हाय. लाईन मोडली त्याची घागर फोडीन.”

लाईन नव्हतीच. ती त्याच्या बोलण्यानं लागली. माळाच्या पलीकडच्या वस्तीतून टँकर थांबलेला दिसला, तशा बायका घागरी घेऊन पळत आल्या होत्या. त्यांनी तो पांढरा शर्ट पाहिला, ते वाक्य ऐकलं आणि एकीमागं एक उभ्या राहिल्या. कुणी कुणाला ढकललं नाही. कॅमेरा होता, पण त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. पुढच्या म्हातारीनं घागर खाली ठेवली आणि बालाजीला हात जोडले.

“मालक, एक तरी.”

बालाजीच्या आजीच्या वयाची होती ती. त्यानं सरांकडं पाहिलं. घामानं मिशी एका बाजूनं सुटली होती. कुणी हसलं नाही. पोरं घाबरली होती, कारण आता पिच्चर आहे म्हणून सांगावं तर बायका रिकाम्या परतणार, आणि पाणी सोडावं तर आबा आपल्याला जिवंत सोडणार नाहीत.

सर त्याच्याजवळ गेले. हळूच म्हणाले, “माणूस आधी दिसतो. तू दिसलास. आता बोल.”

बालाजीनं मिशी बोटानं दाबून धरली. “खाजा, नळी सोड.”

खाजाभाईनं त्याच्याकडं पाहिलं, सरांकडं पाहिलं, ओळीकडं पाहिलं. “मालकच सांगून राहिले म्हटल्यावर माझा काय विलाज,” असं मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला आणि नळी सोडली.

निम्मी ओळ भरून झाली असेल, तेवढ्यात जीप आली.

मुकादम बालाजीसमोर उभा राहिला. दोघांचे शर्ट सारखेच. खरा कोणता, ते ओळीतल्या बायकांना कळेना, त्या दोघांनाही बिचकून होत्या. मुकादमानं बालाजीची मिशी उपटली, कॅमेऱ्यातून कॅसेट काढून घेतली आणि काठी उचलली. तेव्हा सर मध्ये आले आणि “सगळं माझ्यावर घाला” म्हणाले.

“लई सायब झालास रे,” मुकादम म्हणाला. “आधी कोट काढ. मग तुझ्याशी कसं बोलायचं ते बघतो.”

त्या बोलण्यातलं सगळं आम्हाला कळलं. सरांना तर जन्मापासून कळत होतं. मला वाटलं, ते नाही म्हणतील आणि मार खातील. पण त्यांनी पोरांकडं पाहिलं आणि बटणं सोडली. कोट काढून मुकादमाच्या हातात दिला.

समोरून ठीक होतं. कॉलर होती, टाय होता, बटणपट्टी होती, मनगटावर कफ होते. मुकादमानं कोट टँकरखालच्या चिखलात फेकला. कोट उचलायला सर वळले आणि त्यांची पाठ दिसली. उघडी पाठ. शर्टाला मागची बाजूच नव्हती. खांद्यापासून कमरेपर्यंत कापून काढलेली, आणि कडा मात्र माझ्या मशीनवर नीट दुमडून शिवलेल्या.

हात जोडणारी म्हातारी आधी बोलली. “अगं बया, ह्याला मागून काईच न्हाई की.”

आणि ती हसली. मग तिच्यामागची हसली. मग सगळी ओळ घागरी हलवत हसली. मुकादमाचे गडी हसले. मुकादमानं तोंड वाकडं करून आवरलं, पण त्यालाही फुटलंच. एकदा हसल्यावर त्याला काठी पुन्हा वर करता येईना. त्यानं ती जमिनीवर आपटली, कॅसेटमधली पट्टी आतड्यासारखी बाहेर ओढली आणि खाजाभाईला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

बालाजी तेवढा हसत नव्हता. त्यानं आपल्या कुशीतला जोड चाचपला. मग मागं हात नेऊन पाठीवरचा चाचपला. तो चालत सरांच्या मागं गेला आणि त्यांच्या पाठीला पाठ लावून उभा राहिला. बाकीची पोरंही जाऊन तशीच उभी राहिली. सरांची पाठ दिसेनाशी झाली. जीप गेली. नळी चालूच होती, बायका पुन्हा ओळीत लागल्या.

खाजाभाईला पुढं नांदेडला काम मिळालं. पिच्चर कुणीच पाहिला नाही.

संध्याकाळी सर जेवायला आले ते चादर पांघरून. मी वाढता वाढता विचारलं, किती शर्ट कापले? म्हणाले, होते तेवढे. मी म्हणाले, कुणाला तरी सांगायचं, कापड मिळालं असतं.

“समोरून दिसतं तेवढंच लागतं, आक्का. पाठ बघायला घरात माणूस लागतं. मला कोण बघून राहिलं?”

मी भाजी वाढली. दुसऱ्या दिवशी धान्याच्या पांढऱ्या पिशव्या उसवून त्यांच्या शर्टांना पाठी लावल्या. एकीवर गिरणीचा शिक्का राहिला. कोट चिखलातून काढून वाळवला. आखडला होता, तरी त्यांनी तोच घातला.

त्यानंतर रोज सकाळी कॉलेजला निघताना सर माझ्या चुलीपुढं येऊन थांबायचे आणि न बोलता पाठमोरे व्हायचे. मी फुंकणी खाली ठेवून बघायचे. ठीक आहे म्हणायचे. मग ते जायचे. रिटायर होईपर्यंत हे चाललं.

हात जोडणारी म्हातारी त्याच उन्हाळ्यात गेली. त्या दुष्काळातून सर वाचले, पोरं वाचली, मी वाचले.