कालिंदीच्या जागी धोंडू

परळच्या त्या कॉलेजाला श्रेणी द्यायला तिघांची समिती यायची होती आणि तळमजल्यावरच्या वर्गात चिटपाखरू नव्हतं. गिरण्यांचा संप मोडून वीस वर्षं झाली होती. शेजारच्या मिलच्या जागेवर मॉल उभा राहिला होता आणि तिथे सेल लागल्यामुळे कॉमर्सची सगळी पोरं दिवसभरासाठी कामाला गेली होती.

"भिवा, तीस माणसं तरी बसव रे वर्गात!" प्राचार्य हेरंब दामले घामाघूम झाले होते. "वरची श्रेणी आली ना, तुला कायम करतो. माझा शब्द."

भिवा हा तिथला शिपाई. बारा वर्षं झाली, तरी हंगामीच. त्याआधी तो मिलमध्ये बदली कामगार होता, म्हणजे सकाळी गेटवर उभं राहायचं आणि जो आला नसेल त्याच्या नावावर आत जायचं. कायम होण्याची वेळ आली आणि संप झाला. 'कायम' या शब्दासाठी तो काहीही करायला तयार होता.

"बदली घालतंय, सायेब," म्हणून तो लालबागच्या चाळीत गेला आणि तीस जुने गिरणी कामगार घेऊन आला. कोणी कोणाच्या नावावर बसायचं, तेही त्याने मिलच्या शिस्तीत वाटून दिलं. घोळ झाला तो इथेच.

समिती मागच्या बाकावर बसली. प्राध्यापक जयवंत राण्यांनी सवयीने मान खाली घालून हजेरी सुरू केली.

"कालिंदी सावंत?"

"हजर!" पासष्ट वर्षांचा धोंडू मिशी सावरत उठला. "ती येवंक नाय. मी तिच्या बदली आसंय."

अध्यक्षांनी चष्मा काढला. दामल्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे सर, आमचे वर्ग ज्येष्ठांनाही खुले असतात," ते कसेबसे म्हणाले.

राण्यांनी घाईघाईने पिवळ्या पडलेल्या नोट्समधून नफा-तोटा वाचायला घेतला. धोंडूने हात वर केला.

"सर, तोटो झालो तेव्हा आमका गेटाभायर काढल्यानी. मग फायदो व्हायचो तेव्हा तो खंय जाय होतो?"

राण्यांना वीस वर्षांत कुणी प्रश्न विचारला नव्हता. ते नोट्समध्येच उत्तर शोधू लागले. समितीने मात्र भराभर लिहून घेतलं.

महिन्याभराने अहवाल आला. श्रेणी सगळ्यात वरची! 'ज्येष्ठांना खुले वर्ग' आणि 'जिवंत चर्चा' यांची तर खास तारीफ होती. दामल्यांनी स्टाफला पेढे वाटले.

"सायेब, माझा कायमचा?" भिवाने विचारलं.

दामल्यांनी पान उलटलं. "हे बघ, काय लिहिलंय. 'एकही कायम शिपाई नसताना संस्था उत्तम चालते, हे अनुकरणीय आहे.' आता तुला कायम केलं तर श्रेणी घसरेल रे." भिवाला फार लागलं ते. पेढा त्याने तसाच टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजची घंटा झालीच नाही. दामले तणतणत बाहेर आले. शिपायाच्या स्टुलावर धोंडू बसला होता.

"भिवा कुठाय?"

"वर्गात. ज्येष्ठांका खुलो आसा ना?"

दामले वर्गाच्या दाराशी पोचले तेव्हा हजेरी चालू होती. पहिल्या बाकावर भिवा नवी वही उघडून बसला होता. 'ऊठ' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांना अहवाल आठवला.

"कालिंदी सावंत?"

"हजर," भिवा दामल्यांकडे बघत म्हणाला.